इटलीचा पास्ता, चाळीतला कांदा आणि माझा फसलेला वाफा



आजच्या नोंदीत फवारणी नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. आजची नोंद गॅसच्या शेगडीवरची आहे. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग सांगा, ही शेतीची नोंद आहे का नाही.

उन्हाळ कांदा काढून चाळीत भरला त्याला महिना झाला. माझा कांदा अर्धा एकरच. आपल्या अर्धापूर भागात मुख्य पीक केळी आणि हळद, कांदा म्हणजे केळीच्या शेजारच्या तुकड्यात इसापूरच्या कालव्याच्या पाण्यावर घेतलेला. पहिली एक गाडी विकली. पट्टी हातात आली तेव्हा वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता जे उरलं त्यात काढणीची मजुरी जेमतेम निघाली. उरलेला चाळीत ठेवलाय, भाव येईल या आशेवर. कांदेवाल्याला वेगळं काही सांगायला नको.

तर लेक पुण्याला शिकायला आहे, ती सुट्टीत आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, चाळीतला एक किलो कांदा द्या. पास्ता करते. फक्त कांद्याचा."

मी म्हणलं, "फक्त कांद्याचा? त्यात बाकी काय?"

"काहीच नाही. तेल, मीठ, मिरे. इटलीत असाच करतात. त्यांच्याकडे त्रोपेआ नावाच्या गावाचा गोड लाल कांदा मिळतो, त्याचा."

त्रोपेआ हे नाव ऐकलं आणि माझा चेहरा पडला. कारण ते नाव मी आधीच ऐकलं होतं. ऐकलं काय, त्याला पैसे मोजले होते. घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आज इथं सांगतो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मोबाईलवर एक जाहिरात आली. इटलीचा गोड लाल कांदा, कच्चा फळासारखा खाता येतो, मोठ्या शहरात हॉटेलवाले मागेल त्या भावाने नेतात. एक पाकीट मागवलं. पाकिटावर इंग्रजीत छान चित्र, पण लॉट नंबर नाही, उगवणक्षमता नाही, चाचणीची तारीख नाही. बिल तर नाहीच. चाळीस वर्षं शेती करणाऱ्या माणसाने तिथंच थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. रोप टाकलं, एक वाफा लावला, बाकीच्या कांद्यासारखंच पाणी, तशीच खुरपणी.

रोप जोमदार आलं. पात हिरवीगार, कमरेला लागेल अशी. गडी म्हणायचा, मालक, ह्यो कांदा लई मोठा होणार. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. शेजारच्या वाफ्यातल्या गावरान कांद्याच्या माना पडल्या, काढणी झाली, आणि हा आपला उभाच. उपटून बघितला तर खाली गड्डाच नाही. जाड मान आणि नुसती पात. पुढं ऊन वाढलं आणि तो वाफा तसाच वाळून गेला. पातीचा झुणका मात्र चार वेळा खाल्ला. एवढा महागाचा झुणका अर्धापूर तालुक्यात कोणी खाल्ला नसेल.

हे का झालं ते नंतर समजून घेतलं, ते तुमच्यासाठी लिहितो. म्हणजे तुमचा वाफा तरी वाचेल.

कांद्याने गड्डा कधी धरायचा हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतं, त्याला तापमानाची जोड असते. आपले वाण कमी दिवसाचे. साधारण ११-१२ तासांचा दिवस मिळाला की ते गड्डा धरायला लागतात. युरोपातले बरेच वाण मध्यम किंवा जास्त दिवसाचे, त्यांना १३-१४ तास किंवा त्याहून जास्त उजेड लागतो. त्रोपेआ उत्तर अक्षांश ३८-३९ च्या दरम्यान आहे. तिथं जूनमध्ये दिवस जवळजवळ १५ तासांचा होतो. आपण १९ अंशावर. आपला डिसेंबरचा दिवस ११ तासांचा आणि जूनचा सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर. म्हणजे ज्या दिवसाची ते रोप वाट बघत होतं, तो दिवस माझ्या रानात कधी येणारच नव्हता. आला असता तरी चाळीसच्या वरच्या उन्हात तग कसा धरणार? चूक बियाण्याची असेल तेवढी असेल, पण पहिली चूक माझी. परदेशी कांद्याचं बी घेताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे कमी दिवसाचं आहे का जास्त दिवसाचं? विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर पाकीट परत.

असो. तर लेकीला म्हणलं, बाई, त्रोपेआ कांदा आपल्याकडे नाही. आपला आहे तो तिखट. डोळ्यात पाणी आणणारा. तुझा पास्ता काही गोड होणार नाही.

ती म्हणाली, "बघूया तर."

आता कृती सांगतो. पाच माणसांसाठी ४०० ग्रॅम पास्ता, एक किलो कांदा. कांदा उभा, पातळ चिरला. चिरताना सगळं घर रडलं, हे खरं. जाड बुडाच्या कढईत करडीचं तेल पाच-सहा मोठे चमचे. इटलीवाले ऑलिव्हचं तेल घालतात, पण घरात घाण्यावरची करडी होती, तीच घातली, आणि मला तर वाटतं आपल्या तोंडाला तीच बरी. कांदा आणि मीठ टाकून झाकण ठेवलं, पंधरा मिनिटं मध्यम आचेवर. कांद्याला पाणी सुटलं. मग झाकण काढून आच एकदम बारीक केली आणि अर्धा तास हलवत राहिली. फोडणीला आपण करतो तसा करपवायचा नाही. करपला की कडू. हळूहळू त्याचा रंग गुलाबी, मग तांबूस, मग गुळाच्या पाकासारखा झाला. एक किलोचे जेमतेम दोन वाट्या राहिले, कारण कांद्यात सव्वाआठ-साडेआठ आणे नव्हे, शंभरात पंच्याऐंशीच्या वर पाणीच असतं.

माझी आई बाजूला बसून बघत होती. वय ऐंशीच्या पुढं. ती म्हणाली, "काय करायलीस गं बाई? कांद्याला कोन इतका येळ देतंय? इतक्यात दोन भाज्या अन् भाकरी झाल्या असत्या."

दुसरीकडे मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. १०० ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर पाणी आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ, हा हिशोब. पास्ता शिजवायचा पण दाताला थोडा लागला पाहिजे, गिळगिळीत नाही. आणि हे महत्त्वाचं: ते पाणी फेकायचं नाही. त्यातली वाटीभर पेज कांद्यात टाकायची, मग पास्ता टाकायचा आणि जोरात हलवायचं. पेजेतला स्टार्च आणि तेल मिळून सगळ्याला एक ओलसर चकाकी येते. वरून भरडलेले मिरे. इटलीच्या दक्षिणेत गरिबाघरी चीज परवडत नव्हतं तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात भाजून वर टाकायचे, अजूनही टाकतात. आमच्याकडे शिळी चपाती होती. ती कडक भाजून, चुरून, थोडा लसूण लावून टाकली.

खाल्लं. मंडळी, गोड होतं. गुळ घातल्यासारखं नाही, पण जिभेवर राहील असं गोड. तोच कांदा, जो दुपारी भाकरीबरोबर कच्चा खाल्ला तर कानातून धूर काढतो.

मग हे झालं कसं? इथं खरी शेतीची गोष्ट आहे.

कांद्याचा तिखटपणा साखर कमी असल्यामुळे नसतो. तो गंधकामुळे असतो. कांदा मुळातून गंधक घेतो आणि पेशीत गंधकयुक्त पदार्थ साठवतो. आपण कांदा चिरला की पेशी फुटतात, तिथलं विकर त्या पदार्थांना भेटतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. त्याच वेळी पायरुव्हिक आम्ल तयार होतं, तेच मोजून कांदा किती तिखट हे प्रयोगशाळेत ठरवतात. गोड कांदा म्हणजे ज्यात हे गंधकाचं प्रकरण कमी. साखर त्यात जास्त असतेच असं नाही. उलट आपला साठवणीचा तिखट कांदा कोरड्या पदार्थाने भरलेला असतो, त्यात साखरही चांगली असते, फक्त ती तिखटपणाच्या आड झाकलेली असते. मंद आचेवर ते विकर मरतं, झोंबणारा वायू उडून जातो, पाणी आटतं आणि मागं उरते ती साखर.

म्हणजे शिजवायच्या पदार्थाला त्रोपेआचा कांदा लागतच नाही. चाळीतला आपला कांदा पुरतो, कदाचित जास्तच चांगला लागतो. गोड कांद्याचं खरं काम कच्चा खाण्यात, कोशिंबिरीत, सॅलडमध्ये. आणि माझ्यासारखे लोक फक्त 'गोड' या शब्दाला भुलून पाकिटं मागवतात.

आता कोणी म्हणेल, मग गंधक बंद करू, आपोआप कांदा गोड होईल. असं करू नका. कांद्याला उत्पादनासाठी आणि टिकण्यासाठी गंधक लागतंच. माती परीक्षण करा, कमी असेल तर द्या. तुम्ही २०:२०:०:१३ किंवा सिंगल सुपर फॉस्फेट टाकत असाल तर त्यातून गंधक जातंच, त्यावर अजून वेगळं गंधकाचं पोतं लागतं का ते मातीला विचारा, दुकानदाराला नको. शिवाय आपल्याकडे ऊन आणि पाण्याचा ताण, या दोन्हींनी कांदा तिखटच होतो. अलिबागच्या खाडीकाठची जमीन आणि अर्धापूरची काळी जमीन एक नाही.

अलिबागचं नाव मुद्दाम घेतलं. गोड कांदा बघायला इटलीला जायची गरज नाही. अलिबाग तालुक्यात भात निघाल्यावर त्याच रानात पांढरा कांदा घेतात. तिखटपणा कमी, कच्चा खायला चांगला. माळा करून, वेणी घालून विकतात. गंमत बघा, त्रोपेआतही कांदा वेणी घालूनच विकतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्रोपेआच्या कांद्याला युरोपातलं तसंच संरक्षण २००८ साली मिळालं. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, त्या बुटाच्या पंजावर कालाब्रिया नावाचा प्रांत आहे, तिथल्या समुद्रकाठच्या ठरलेल्या पट्ट्यातच पिकलेला, ठरलेल्या नियमाने काढलेला कांदा ते नाव लावू शकतो. बाकी कोणी लावला तर गुन्हा.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्हिडालिया म्हणून एक गाव आहे. तिथली जमीन रेताड, गंधक कमी, म्हणून कांदा सौम्य. १९३१ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या लक्षात आलं की आपला कांदा तिखट नाही. आधी त्याला तो दोषच वाटला. पण लोक पुन्हा तोच मागायला लागले. १९८६ साली राज्याने कायदा केला, ठरलेल्या २० काउंट्यांच्या बाहेरच्या कांद्याला ते नाव लावता येत नाही. कच्चा कांदा लवकर बाजारात आणून कोणी नाव घालवू नये म्हणून दरवर्षी माल भरायची तारीखसुद्धा ठरवून देतात.

आता माझं मत. काही जणांना पटणार नाही, पण लिहितो.

आपल्याकडे बाजारात कांद्याला विचारतात काय? रंग, आकार, सुकवण. सुपर का गोल्टा का गोल्टी. चव कोणी विचारत नाही. माझा कांदा आणि दुसऱ्या जिल्ह्यातला कांदा एका ढिगात गेला की दोघांचंही नाव संपलं. मग उरतो फक्त भाव, आणि भाव आपल्या हातात नाही. तो कधी पावसाच्या हातात, कधी सरकारच्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये बंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क गेलं. या सगळ्यात आपण चाळीसमोर बसून कांदा सडताना बघत होतो.

आणि याच काळात एक गोष्ट झाली ती आपल्यातल्या फार जणांच्या लक्षात आली नाही. एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना पांढऱ्या कांद्याच्या २,००० टन निर्यातीला वेगळी परवानगी मिळाली. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी कर्नाटकातल्या बेंगळुरू रोझ कांद्याला निर्यात शुल्कातून सूट मिळाली, तिथल्या फलोत्पादन विभागाचा दाखला लावून. बेंगळुरू रोझला भौगोलिक मानांकन आहे. पांढऱ्याच्या परवानगीवरून आपल्याकडे बोंबाबोंब झाली, त्यात तथ्यही होतं. लाल कांद्यावर अन्याय झाला हे मी पण म्हणतो. पण शिकायचं ते शिकावं लागतं. ज्या मालाला स्वतःची ओळख आहे, त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहिता येते. ढिगातल्या मालासाठी लिहिता येत नाही.

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी मानांकनाच्या मागं पळायचं असं मी म्हणत नाही. नुसतं प्रमाणपत्र भिंतीला लावून एक रुपया जास्त मिळत नाही. त्रोपेआत आणि व्हिडालियात नाव टिकलं कारण त्यामागं शेतकऱ्यांची संघटना आहे, हद्द आखलेली आहे, तपासणी आहे, नियम मोडला तर दंड आहे. आपल्या जवळच बघा. २०२४ साली वसमतच्या हळदीला मानांकन मिळालं. लातूर जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर, यांनाही मिळालं. आता त्यांची परीक्षा इथून पुढं आहे. किती शेतकरी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करतात, पिशवीवर नाव येतं का, नावाखाली दुसऱ्याचा माल खपतो का, यावर सगळं आहे.

आणि अर्धापूरकरांनो, नावाचा विषय निघालाच तर एक गोष्ट बोलतो. केळीच्या पुस्तकात बसराई, श्रीमंती यांच्या रांगेत एक जात लिहिलेली असते, तिचं नाव 'अर्धापुरी'. आपल्या गावाचं नाव एका वाणाला आहे. टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली, घड मोठा, एकसारखा, बाजारात चालणारा, आपण सगळ्यांनी तीच लावली. मी पण लावली. त्यात चूक काही नव्हती, पोट भरायचं होतं. पण आता गावात अर्धापुरीचे खुंट कोणाच्या बांधावर शिल्लक असतील तर मला सांगा. नाव असलेली गोष्ट आपल्याकडे होती, आणि मी नाव शोधायला इटलीचं पाकीट मागवत होतो.

आता पास्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो. कांदा झाला, गहू राहिला.

पाकिटावर लेकीने वाचून दाखवलं, 'डुरम गव्हाचा रवा'. डुरम म्हणजे आपला बन्सी, काही भागात बक्षी म्हणतात. कडक, चकचकीत, मधाच्या रंगाचा दाणा. इटलीत १९६७ साली कायदा झाला होता की तिथं विकला जाणारा वाळवलेला पास्ता डुरमच्या रव्याचाच पाहिजे. कारण लोकवनच्या पिठाचा केला तर उकळताना चिकट होऊन विरघळतो, डुरमचा दाणा घट्ट राहतो.

आईला ताटात पास्ता दिला. तिने एक तुकडा उचलून बोटात धरला, उलटा पालटा केला आणि म्हणाली, "हे तर आपले नखुले हायत की गं."

खरंच की. जुन्या बायका लग्नाच्या आधी महिनाभर बसून बन्सीच्या रव्याचे शेवया, गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे करायच्या. नखाने वळवून एकेक दाणा. रुखवतात मांडायचे, खिरीत घालायचे. इटलीतल्या बायका अंगठ्याने दाबून कानासारखा पास्ता करतात, आमची आई नखाने नखुले करते. पीठ तेच, हात तोच. त्यांचं दुकानात चढलं, आपलं रुखवतात राहिलं.

आई म्हणाली, आमच्या लहानपणी कोरडवाहू रानात बन्सीच असायचा. ओलीवर पेरायचा, पाणी द्यायची सोयच नव्हती. मग पाणी आलं, लोकवन आला, शरबती आला, बन्सी गेला. पण बन्सीवर काम थांबलेलं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा डुरम वाण काढलाय, जिरायतीसाठी. १०२ दिवसात येतो, प्रथिनं १४.७ टक्के, जस्त आणि लोहही चांगलं. जिरायतीत हेक्टरी १९.३ क्विंटल असं सरासरी उत्पादन दिलंय. ज्याच्याकडे एकच पाणी आहे किंवा तेही नाही, त्याने चार गुंठ्यांवर करून बघायला हरकत नाही. बाजारात विकायला नाही, आधी घरच्या शेवयांना. खरेदीदार ठरल्याशिवाय एकरावर जाऊ नका, हे मी आता वाफ्याचे पैसे भरून शिकलोय.

गावोगावच्या बचत गटांकडे शेवयांचं मशीन आहे. उन्हाळ्यात दोन महिने चालतं, दहा महिने झाकून ठेवतात. त्याच मशीनच्या साच्यात थोडा बदल करून जाड नळी, जाड शेवई काढता येईल का, हे ज्यांना यंत्रातलं कळतं त्यांनी बघावं. मी काही उद्योजकतेचं स्वप्न विकत नाही. शहरातल्या कंपनीच्या पाकिटाशी भाव जुळणार नाही हे मला माहीत आहे. पण आपल्या घरात, आपल्या लेकरांच्या ताटात यायला कोणाची परवानगी लागते?

कृषी विद्यापीठातले आणि संशोधन केंद्रातले बरेच जण हे पान वाचतात. त्यांना हात जोडून एक विनंती. राजगुरुनगरचे भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा शुभ्रा असोत, राहुरीचे एन-२-४-१ आणि फुले समर्थ असोत, शिफारशीत आम्हाला उत्पादन कळतं, रंग कळतो, किती महिने टिकतो ते कळतं. चवीचा आकडा आमच्यापर्यंत येत नाही. पायरुव्हिक किती, विद्राव्य घटक किती, हे दोन आकडे वाणाच्या घडीपत्रिकेवर छापा. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत कोणता वाण सौम्य राहतो, कोणता शिजवायला चांगला, कोणता वाळवायला, हे कळलं तर शेतकरी गटाला ग्राहकाशी बोलायला तोंड मिळेल. नाहीतर आम्ही जाहिरातीवर विश्वास ठेवणार आणि पातीचा झुणका खाणार.

आणि शेतकरी बांधवांनो, ज्यांना सौम्य कांदा करून बघायचाच आहे त्यांच्यासाठी एक इशारा. सौम्य कांद्यात पाणी जास्त, साल पातळ, तो चाळीत टिकत नाही. आपला सगळा उन्हाळ कांद्याचा जुगार चाळीवर चालतो. भाव नाही म्हणून चार महिने थांबायची सोय त्यात नाही. काढला की पंधरा दिवसात विकला गेला पाहिजे. म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग रोप. नांदेडमधली दोन-चार हॉटेलं, एखादी सोसायटी, ओळखीचे वीस-पंचवीस घरं, एवढं बोलून ठेवलं तर दोन गुंठे करा. जास्त नको.

माझं या वर्षीचं ठरलंय. रब्बीत दोन वाफे वेगळे ठेवणार. एकात एन-२-४-१, एकात भीमा शुभ्रा. खत-पाणी सारखंच, शेवटचं पाणी एकाच दिवशी तोडणार. काढल्यावर दोन्ही कच्चे खाऊन बघायचे, दोन्हीचा लेकीच्या पद्धतीने पास्ता करायचा, आणि उरलेले चाळीत ठेवून दर महिन्याला सड मोजायची. जे निघेल ते इथं लिहीन, चांगलं असो का वाईट.

तुमच्याकडे कोणी असा अनुभव घेतला असेल, परदेशी बी लावून फसला असेल किंवा साधलं असेल, तर लिहा. फसलेला अनुभव लाजू नका, आधी लिहा. साधलेला सगळेच सांगतात.

राहता राहिली आईची गोष्ट. कांद्याला एवढा वेळ कोण देतं म्हणणाऱ्या आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा मागितला, लेकीने कपाळावर हात मारला. खाऊन झाल्यावर म्हणाली, "पुढल्या टायमाला बन्सी आन. म्या नखुले करून देते, त्यात घाल."

बन्सीचं बी शोधतोय. कोणाकडे घरचं असेल तर पायलीभर द्या, बदल्यात चाळीतला कांदा घेऊन जा.